उठायचंच नसेल तर गजर काय करणार? अंथरुणाभोवतीच्या वस्तूंचं परीक्षण

गजराची घड्याळं, पहाट दाखवणारे दिवे, जड पांघरुणं, काळे पडदे, झोप मोजणारी मनगटी घड्याळं या सगळ्यांची परीक्षणं एकाच प्रश्नावर लिहिली जातात: झोप चांगली लागते का? इथे प्रश्न उलटा आहे. झोप पुरी झाली आहे, जागही आली आहे, पण समोरचा दिवस नको आहे. अशा माणसाला ही वस्तू अंथरुणाबाहेर काढते, की पांघरुणात आणखी आत ढकलते? झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारातली जवळजवळ प्रत्येक वस्तू मात्र पहिल्यासाठी बनवलेली असते आणि बरेचदा ती विकत घेतो दुसरा.

म्हणून खरेदीआधी आपण दोघांपैकी कोण, हे बघून घ्यावं. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप लागते. तीच मिळत नसेल तर सकाळी उठवत नाही यात टाळाटाळ वगैरे काही नाही. रात्री लवकर आडवं व्हा, वस्तू घेऊ नका. झोप खरोखर अपुरी असलेला माणूस दुपारी शांत खोलीत पडला की पाच-दहा मिनिटांत झोपतो. पळवाट शोधणारा डोळे मिटून पडतो, पण त्याला झोप लागत नाही. तो कूस बदलत राहतो, मनात तेच ते घोळवत राहतो. दुसरी खूण आठवड्याभरात दिसते. सुट्टीच्या दिवशी गजराविना जाग येते आणि ज्या दिवशी अवघड बोलणं, हिशोब, परीक्षा किंवा निकाल असतो, नेमकं त्याच दिवशी अंग जड झालेलं असतं.

या दोन्हींत न बसणारेही बरेच असतात. जोरात घोरणं, सकाळी डोकं दुखणं, तोंडाला कोरड, बसल्या बसल्या डुलक्या, ही लक्षणं स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडत राहण्याच्या विकाराची असू शकतात. थायरॉइड, अंगातलं लोह कमी असणं आणि कित्येक औषधं यांमुळेही दिवसभर डोळ्यांवर झापड असते. दिवसा किती झापड येते हे मोजणारी एपवर्थ स्केल नावाची ८ प्रश्नांची यादी १९९१ पासून वापरात आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २४. बेरीज १० च्या वर गेली तर गजर बदलण्याआधी डॉक्टर गाठावा. आवडीच्या गोष्टीतही जीव रमेनासा झाला असेल, दहा-दहा तास झोपूनही उठावंसं वाटत नसेल आणि हे दोन आठवडे चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला आळस म्हणून अंगावर काढू नये. तिथे खाली लिहिलेलं काहीही पुरं पडणार नाही.

आता वस्तू. सुरुवात स्नूझपासून, कारण दिवस पुढे ढकलण्याचं यंत्र म्हणून याच्याइतकं यशस्वी काही निघालेलं नाही. १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉनचं ‘स्नूझ-अलार्म’ बाजारात आलं, तेव्हापासून हे बटण घड्याळाच्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात वरच्या जागी बसलं आहे. गजर बंद करायचं बटण लहान, मागे किंवा बाजूला. पुढे ढकलायचं मात्र तळहाताएवढं. झोपाळलेल्या हाताला काय सापडणार, हे त्या मांडणीतच ठरून जातं. फोनवरही तेच. मोठं बटण बहुधा स्नूझचं असतं आणि आयफोनमध्ये वर्षानुवर्षं ९ मिनिटांचाच आकडा ठरलेला येत आला आहे.

स्नूझमुळे झोपेचं वाटोळं होतं, असं सर्रास लिहिलं जातं. ते तितकंसं खरं नाही. २०२३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी स्नूझची सवय असलेल्या माणसांना प्रयोगशाळेत झोपवून पाहिलं. अर्धा तास स्नूझ करण्यात साधारण ६ मिनिटांची झोप बुडाली आणि उठल्यावर लगेच घेतलेल्या चाचण्यांत त्यांची कामगिरी ढासळली नाही, काहींत तर ती थोडी सुधारली. जाग आल्यावर डोकं बधिर राहतं त्याला स्लीप इनर्शिया म्हणतात. ते बहुतेकांत १५ ते ३० मिनिटांत ओसरतं, पण गाढ झोपेतून एकदम उठवलं तर जास्त वेळ टिकतं. स्नूझमध्ये लागणारी झोप हलकी असते, त्यामुळे काहींना उठणं सोपं जात असावं. एकदा, ठरवून दाबलेल्या स्नूझबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यात होणाऱ्या वाटाघाटीबद्दल. दर ९ मिनिटांनी ‘उठायचं की नाही’ हा प्रश्न नव्याने विचारला जातो, आणि तो विचारला जातो सगळ्यात कमकुवत क्षणी. पाच वेळा विचारला की पाच वेळा नाही म्हणायचा सराव होतो. चार-पाच गजर ओळीने लावणाऱ्यांचं असंच होतं: पहिला गजर आपला नव्हेच, हे मेंदू काही दिवसांत शिकतो आणि मग जागही न येता हात गजर बंद करतो. उपाय कंटाळवाणा आहे. गजर एकच, स्नूझ सेटिंगमधून पूर्ण बंद, आणि वेळ खरोखर उठायची, म्हणजे मनातली अर्ध्या तासाची सूट वजा करून. गजराला नाव द्यायची सोय असेल तर ‘ऊठ’ किंवा एखादं स्फूर्तिदायक वाक्य लिहू नका. पहिली हालचाल लिहा: ‘खिडकी उघड, तोंड धू.’ झोपेत वाचल्यावर विचार करावा लागणार नाही, एवढंच त्या ओळीचं काम.

पळणारं घड्याळ हा या प्रकारातला सगळ्यात गमतीचा नमुना. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये असताना गौरी नंदा यांनी ‘क्लॉकी’ बनवलं: दोन चाकांचं घड्याळ, वाजू लागलं की टेबलावरून उडी मारतं आणि खोलीत कुठेतरी जाऊन लपतं. त्याला २००५ चं अर्थशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला दिलं जाणारं बक्षीस, मिळालं. कल्पना अव्वल आहे, कारण पाय जमिनीला लागल्याशिवाय आवाज थांबत नाही. अडचणी चाकांपासून सुरू होतात. जाड गालिच्यावर ती अडतात. पलंगाखाली मोकळी जागा असेल तर घड्याळ तिथेच शिरतं आणि मग माणूस पडल्या पडल्या हात घालून ते ओढून काढतो. शेजारी कुणी झोपत असेल तर ते घड्याळ पहिल्या आठवड्यातच खोलीबाहेर जातं. पण खरा दोष असा, की गजराची सत्ता आवाज थांबेपर्यंतच चालते. अंथरूण अजून उबदार आहे, चार पावलांवर आहे, परतीची वाट मोकळी आहे. ज्याला दिवस टाळायचा आहे तो घड्याळ पकडतो, बंद करतो आणि पुन्हा डोक्यावरून पांघरूण घेतो.

कामगिरी करून दाखवल्याशिवाय बंद न होणारी गजराची ॲप्सही याच दोषाला अडखळतात, मात्र त्यांत डावं-उजवं करता येतं. गणितं सोडवणं आणि फोन हलवणं हे दोन्ही प्रकार पडूनच उरकता येतात, त्यामुळे त्यांचा उपयोग नाही. बारकोड स्कॅन करायला लावणारा आणि ठरलेल्या जागेचा फोटो मागणारा प्रकार चांगला, कारण जागा तुम्ही निवडता. बारकोड टूथपेस्टच्या नळीचा ठेवावा. स्कॅन होतो तेव्हा नळी हातात असते, पुढचं काम आपसूक होतं. फोटोसाठी वॉशबेसिन निवडलंत तर नोंदवलेला पहिला फोटो दिव्याच्या उजेडात काढा. दिवसाच्या उजेडात काढलेला नमुना पहाटे जुळत नाही, ॲप हटून बसतं, आणि वैतागून फोनच बंद केला जातो.

ही ॲप्स न वाजण्याची कारणं ठरलेली आहेत. बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगने ॲपला मागच्या मागे मारलेलं असतं, म्हणून त्या ॲपपुरती ती बंधनं काढून टाका. नोटिफिकेशनची आणि लॉक स्क्रीनवर दिसण्याची परवानगी दिलेली नसते. रात्री सिस्टिम अपडेट होऊन फोन पुन्हा सुरू होतो आणि पिन टाकेपर्यंत ॲप जागं होत नाही. आणि सगळं सुरळीत वाजलं, तरी कामगिरी संपताक्षणी हातात उरतो तो फोन. उभ्या उभ्या एक निरोप बघायचा म्हणून उघडलेला फोन माणसाला पलंगाच्या काठावर बसवतो, मग आडवा करतो. डोळे उघडे असले तरी ही दुसरी झोपच. म्हणून आमचा कौल साध्या, पेनाच्या सेलवर चालणाऱ्या घड्याळाला: खोलीच्या दाराबाहेर ठेवलेलं, आत ऐकू येईल एवढ्या आवाजाचं. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. घड्याळ घेताना दोन गोष्टी तपासा. काटे अंधारात दिसतात का, ही पहिली. रात्रभर टिकटिक ऐकू येते का, ही दुसरी. सेकंदाचा काटा सरकत फिरणारा असेल तर आवाज जवळपास नसतो. सेल वर्षातून एकदा बदला. कमकुवत सेलवर घड्याळ चालत राहतं, पण गजर मरतुकडा वाजतो.

पहाट दाखवणाऱ्या दिव्यांकडून लोक भलतीच अपेक्षा ठेवतात. हे दिवे गजराआधी साधारण २० ते ४० मिनिटं हळूहळू उजळत जातात. हेतू हा, की झोप हलकी व्हावी आणि उठल्यावरचा बधिरपणा कमी जाणवावा. यातली मेख अंतरात आहे. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की डोळ्यांपर्यंत पोहोचणारा उजेड चौथाई होतो, त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटावर ठेवलेला दिवा म्हणजे नुसती शोभा. चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, डोळ्यांच्या पातळीला, झोपताना ज्या कुशीवर तोंड असतं त्या बाजूला ठेवावा. मिटलेल्या पापण्यांतून मुळातच थोडा उजेड आत जातो, तोही मुख्यतः तांबडा. तोंडावर पांघरूण घेणाऱ्याला या दिव्याचा उपयोग शून्य. अंधारी खोली, हिवाळ्यातली उशिरा होणारी पहाट, शिफ्ट, अशा ठिकाणी तो पैसे वसूल करतो. जो आधीच जागा आहे आणि तरी उठत नाही, त्याच्यासाठी हा फक्त उशाशी जळणारा दिवा. हिवाळी उदासीवर वापरतात ते १०,००० लक्सचे, म्हणजे अतिशय प्रखर दिवे निराळे; ते उठून बसल्यावर, सकाळी, साधारण अर्धा तास समोर ठेवायचे असतात. दोन्हींची गल्लत करून घेतलेले दिवे मग कपाटात जातात.

काळे पडदे. रात्रपाळी करणाऱ्याने जरूर घ्यावेत, बाकीच्यांनी एक खिडकी मोकळी सोडावी. पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना १० ते १५ सेंटिमीटर रुंद हवा, नाहीतर कडेने उजेड येतोच. आणि तो चांगला बसला, तर सकाळ आतच येत नाही. शरीराचं घड्याळ जुळवून घेण्याचं मुख्य साधन म्हणजे सकाळचा उजेड. तो रोज दुपारपर्यंत अडवून ठेवला की रात्रीची झोप पुढे सरकते आणि दुसऱ्या दिवशी न उठायला आणखी एक खरं कारण मिळतं. डोळ्यांवरच्या पट्टीबद्दल एवढंच म्हणता येईल, की ती निदान हाताने काढता येते.

जड पांघरूण घेताना शरीराच्या वजनाच्या साधारण १० टक्के हा ठोकताळा चालतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ किलो. आत काचेचे बारीक मणी असलेलं घ्या. प्लास्टिकचे दाणे जाड असतात, खुळखुळतात आणि जास्त जागा अडवतात. शिवणीचे चौकोन लहान, दहा-बारा सेंटिमीटरचे असले तर वजन एका कोपऱ्यात गोळा होत नाही. दुकानात पांघरूण एका टोकाला धरून उभं लटकवा आणि मिनिटभराने खालच्या चौकोनांवर हात फिरवा; शिवण सैल असेल तर मणी घरंगळून खाली आलेले लागतात. खोळ वेगळी निघणारी हवी, कारण ओलं झालेलं सहा किलोचं पांघरूण घरच्या मशीनला झेपत नाही आणि वाळायलाही फार वेळ घेतं. लहान मुलांना, श्वासाचा त्रास असलेल्यांना किंवा स्वतःहून ते बाजूला सारू न शकणाऱ्यांना देऊ नये. रात्रीच्या अस्वस्थतेवर याचा काहींना चांगला उपयोग होतो. २०२० मध्ये स्वीडनमध्येच मानसिक आजारासोबत निद्रानाश असलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत फरक ठळक दिसला होता. प्रश्न दिवसाचा आहे. दडपून ठेवणारं हे वजन सुखाचं असतं, आणि ज्याला जगाचा सामना नको आहे त्याला दुपारी चार वाजताही ते सुखाचंच वाटतं. म्हणून सोफ्यावर ठेवायचं पांघरूण म्हणून ते घेऊ नका. सकाळी घडी करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाका. सहा किलो पुन्हा खाली काढायचा कंटाळा इथे तुमच्या बाजूने काम करतो.

झोप मोजणारी घड्याळं मात्र या परीक्षणातली सगळ्यात फसवी वस्तू आहेत. त्यात लबाडी नाही; त्यांच्या कामाच्या पद्धतीतच ते आहे. घड्याळात हालचाल टिपणारा सेन्सर असतो आणि त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून नाडीचे ठोके मोजणारा दुसरा. मेंदूच्या लहरी ते मोजत नाही. झोपेची अवस्था ठरते ती हालचाल आणि ठोक्यांवरून काढलेल्या अंदाजाने. त्यामुळे झोप ओळखण्यात ही घड्याळं बरीच चांगली आणि जागेपण ओळखण्यात कच्ची आहेत. डोळे उघडे ठेवून, न हलता, छताकडे बघत पडलेला माणूस त्यांच्या हिशोबी बहुतेकदा झोपलेलाच असतो. म्हणजे सोंगसुद्धा झोपेत जमा होतं. सकाळी उठून स्क्रीनवर ‘८ तास ४० मिनिटं, उत्तम’ वाचलं की टाळलेल्या दोन तासांना छापील प्रमाणपत्र मिळतं. उलटंही घडतं. ‘गाढ झोप कमी’ दिसलं, म्हणून आजचा दिवस हलकाच घ्यावा, असा निर्णय अंथरुणातच होतो. आकड्यांच्या नादाने झोप बिघडवून घेण्याला २०१७ मध्ये ऑर्थोसोम्निया हे नावही मिळालं आहे.

घड्याळ आधीच मनगटावर असेल तर त्यातले दोनच आकडे बघा. गजर वाजला ती वेळ, आणि पावलांच्या नोंदीत पहिली पन्नास पावलं पडली ती वेळ. झोपेच्या अवस्था, गुण, रंगीत पट्ट्या, सगळं दुर्लक्षित करा. या दोन वेळांमधलं अंतर महिनाभर कागदावर लिहिलं, की कोणत्या वारी ते फुगतं हे दिसतं, आणि त्या वाराला काय असतं हे तुम्हाला ठाऊक असतंच. एवढ्यापुरतं हे घड्याळ खरोखर कामाचं, आणि ही सोय सगळ्यात स्वस्त मनगटी पट्ट्यातही असते. पावलं एकदम नोंदवली जात असतील, तर ॲपमध्ये तासाऐवजी मिनिटांचा तपशील दाखवायची सोय आहे का ते घेण्याआधी विचारा.

गाद्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, फक्त टेकून बसायला वर उचलता येणारे पलंग टाळा. निद्रानाशावरच्या उपचारांत १९७२ पासून मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचा एक नियम चालत आला आहे: अंथरूण झोपेसाठीच, आणि पंधरा-वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे जायचं. वर उचलणारा पलंग, त्यावर बसवायचं लॅपटॉपचं टेबल, पेल्याची खोबण, हा सगळा सरंजाम त्या नियमाच्या नेमका विरुद्ध काम करतो. जेवण, काम, करमणूक तिथेच होऊ लागली की अंथरुणातून उठायला कारण उरत नाही. पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटी एक वस्तू, जी झोपेच्या दुकानात मिळतच नाही: हाताने पिळायचा ६० मिनिटांचा टायमर. दोन कामांना लागतो. दुपारच्या डुलकीला २० मिनिटं. त्याहून लांबली तर गाढ झोप सुरू होते आणि उठल्यावर डोकं आणखी जड. आणि सकाळी उठल्यावर, ज्या कामाच्या भीतीने पांघरूण ओढलं जातं, त्याच कामाला १० मिनिटं. काम असं तोडायचं की दहा मिनिटांत काहीतरी हातून झालेलं दिसेल: ‘अर्ज भरणे’ नव्हे, तर फॉर्म टेबलावर काढून नाव आणि तारीख लिहिणे, ‘त्यांच्याशी बोलणे’ नव्हे, तर दोन ओळींचा निरोप लिहून पाठवणे. टायमर वाजल्यावर थांबायची पूर्ण मुभा, फक्त अंथरुणात नाही. फोनमधला टायमर यासाठी नको, कारण वर सांगितलेलंच. यांत्रिक टायमरचा एक ठरलेला दोष आहे. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ थेट लावली तर आतली स्प्रिंग पुरेशी ताणली जात नाही, आणि घंटी कधी अर्धवट वाजते, कधी वाजतच नाही. काटा आधी अर्ध्या फेरीपर्यंत न्यायचा आणि मग मागे आणून हव्या त्या आकड्यावर ठेवायचा.